मुंबई हायचं तेल तिथे पोचलं कसं? खनिज तेल आणि वायूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीखाली तेलाचं तळं असतं का?

नसतं. 'तेलसाठा' या शब्दाने हा घोळ होतो. माठाच्या भिंतीत पाणी मुरलेलं असतं, तसं तेल खडकाच्या छिद्रांत मुरलेलं असतं. साठ्यातून काढलेला चुनखडकाचा तुकडा हातात घेतला तर तो साधा दगडच वाटतो, फार तर थोडा हलका. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला तर मात्र कळतं, कारण चांगला सच्छिद्र तुकडा थेंब शोषून घेतो.

हिशोब असा. एक घनमीटर खडकात २० टक्के छिद्रं असली तर मोकळी जागा झाली २०० लिटर. त्यातल्या ३० टक्के जागेत पाणी ठाण मांडून असतं आणि ते हलत नाही. राहिलं १४० लिटर तेल. हे तेल वर येताना त्यात विरघळलेला वायू सुटतो आणि तेल आकसतं, म्हणजे टाकीत मोजायला साधारण ११० लिटरच उरतात. त्यातलंही एक तृतीयांश हाती आलं तर साठा बरा म्हणायचा.

छिद्रं असणं आणि ती एकमेकांना जोडलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला सच्छिद्रता म्हणतात, दुसरीला पार्यता. शेलमध्ये, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेल्या पापुद्र्यांच्या खडकात, छिद्रं भरपूर असू शकतात. पण ती जोडणाऱ्या वाटा इतक्या अरुंद असतात की तेल तिथेच अडकतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हा फरक लागणार आहे.

तेल डायनासोरपासून बनलं, हे खरं का?

नाही. तेल बनतं ते मुख्यतः समुद्रातल्या आणि सरोवरातल्या सूक्ष्म शैवालांपासून, प्लवकांपासून आणि जिवाणूंपासून. काही ठिकाणी किनाऱ्यावरच्या झाडझाडोऱ्याचाही वाटा असतो. मोठ्या प्राण्यांचं एकूण वजन या सूक्ष्म जीवांच्या मानाने नगण्य, आणि त्यांची कलेवरं बहुधा कुजून किंवा खाल्ली जाऊन संपतात.

मुंबईच्या समुद्रात तर हा प्रश्न कालगणनेवरच निकाली निघतो. तिथला तेल देणारा शेल 'पन्ना' या थरातला आहे आणि तो दख्खनच्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकाच्या, वर साचलेला आहे. बेसाल्टचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनासोर संपले तेही त्याच सुमारास. म्हणजे पन्नाचा चिखल साचू लागला तेव्हा डायनासोर उरलेच नव्हते.

तेलाचं मूळ सजीवांत आहे याचा रासायनिक पुरावा आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३०च्या दशकात दिला. त्यांना तेलात पॉर्फिरिन सापडली. हरितद्रव्याच्या रेणूचा सांगाडा तोच असतो.

मग प्रत्येक समुद्राखाली तेल का नाही?

कारण मेलेली शैवालं सहसा तळाशी पोचेपर्यंत किंवा पोचल्यावर कुजून जातात. ती टिकायला तळाशी ऑक्सिजन कमी हवा, पाणी संथ हवं आणि गाळ अशा वेगाने पडायला हवा की सेंद्रिय द्रव्य पुरलं तर जाईल, पण वाळू-मातीत पातळ होणार नाही. शेवटची अट लोक विसरतात. मोठ्या नदीच्या तोंडाशी झाडझाडोरा ढिगाने येतो, पण त्याच्या कितीतरी पट मातीही येते आणि टक्केवारी घसरते.

ही टक्केवारी म्हणजे खडकातला एकूण सेंद्रिय कार्बन. शेलमध्ये तो ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असला तर भूरसायनतज्ज्ञ पुढे बघत नाहीत. १ टक्क्याच्या वर गेला की बोलणी सुरू होतात, २ टक्क्यांच्या वर असला तर खडक चांगला.

पुरलेल्या द्रव्याचं हळूहळू 'केरोजेन' होतं. हा एक काळपट, कशातही न विरघळणारा घन पदार्थ आहे. सरोवरातल्या शैवालाचा केरोजेन पहिल्या प्रकारचा, समुद्री प्लवकांचा दुसऱ्या, लाकूड-पाल्याचा तिसऱ्या. पहिले दोन तेल देतात. तिसरा मुख्यतः वायू देतो, कारण त्यात हायड्रोजन कमी. चौथा प्रकार जळका, निरुपयोगी. त्यामुळे अहवालात नुसतं '३ टक्के कार्बन' वाचून हुरळून जाऊ नये; तो कार्बन कोणत्या जातीचा, हे आधी विचारावं.

एवढ्याशा टक्क्यांतून किती तेल निघणार?

करून बघू. एक चौरस किलोमीटर क्षेत्र, १०० मीटर जाडीचा शेल, घनता २.४. खडकाचं वजन झालं २४ कोटी टन. २ टक्के कार्बन म्हणजे ४८ लाख टन. दुसऱ्या प्रकारच्या केरोजेनचा हायड्रोजन निर्देशांक ३०० धरला, म्हणजे एक ग्रॅम कार्बनामागे ३०० मिलिग्रॅम हायड्रोकार्बन, आणि निम्मा केरोजेन पिकला असं मानलं, तर ७.२ लाख टन. बॅरलमध्ये साधारण ५३ लाख.

ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण यातलं काही शेलमध्येच राहतं, काही वाटेत खडकाला चिकटून राहतं, काही समुद्रतळातून निसटतं. सापळ्यात, म्हणजे तेल अडून साठतं त्या जागी, जाऊन बसतो तो लहानसा हिस्सा. म्हणून व्यापारी साठ्याला शेकडो चौरस किलोमीटरचा पिकलेला शेल लागतो.

केरोजेन पिकायला किती तापमान लागतं?

साधारण ६० अंश सेल्सिअसला सुरुवात होते, १०० च्या आसपास तेल जोरात सुटतं, १२० ते १५० मध्ये हलकं तेल आणि ओला वायू, म्हणजे मिथेनबरोबर इथेन-प्रोपेनसारखे जड वायूही असलेला, मिळतो, त्यापुढे कोरडा मिथेन. ६० च्या आत केरोजेन कच्चा असतो. त्या थंड थरांत जिवाणूंनी केलेला मिथेन सापडतो, तो निराळा.

खोली किती लागेल, हे त्या जागेच्या भूतापमानावर ठरतं. समुद्रतळाला २५ अंश आणि दर किलोमीटरला ३० अंश वाढ धरली तर १०० अंश अडीच किलोमीटरवर मिळतात. वाढ ४५ अंश असली तर पावणेदोन किलोमीटरही पुरे. गुजरातचं खंबायत खोरं आणि मुंबईचा समुद्र हे दोन्ही सरासरीपेक्षा गरम आहेत, म्हणून 'अमुक किलोमीटरच्या खाली तेल असतं' असली सरधोपट वाक्यं इथे चालत नाहीत.

काळाचाही हात असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट, असा ठोकताळा रशियन शास्त्रज्ञ लोपातिन यांनी १९७१ साली वापरला. आता संगणकावर प्रत्येक अभिक्रियेची ऊर्जा घालून गणित करतात, पण ढोबळ अंदाजाला तो ठोकताळा अजून बरा पडतो.

जिथे शेल पिकतो त्या खोलगट भागाला भूवैज्ञानिक सरळ 'किचन' म्हणतात. आच बंदही होते: जमीन उचलली गेली, वरचे थर झिजले, खडक थंड झाला की तेल बनणं थांबतं.

शेल पिकला की नाही, हे प्रयोगशाळेत कसं बघतात?

रॉक-इव्हल नावाच्या यंत्रात. कुटलेल्या खडकाची १०० मिलिग्रॅमच्या आतबाहेरची पूड घेतात. आधी ३०० अंशांवर काही मिनिटं धरतात. आधीच तयार असलेलं तेल उडून येतं, तो एस-१. मग दर मिनिटाला २५ अंशांनी तापवत नेतात. केरोजेन फुटून जे येतं तो एस-२. एस-२ चा कळस ज्या तापमानाला येतो ते टी-मॅक्स. ४३५ च्या खाली कच्चा, ४३५ ते ४६५ तेलाचा पट्टा, त्यावर करपलेला. शिवाय लाकडाच्या सूक्ष्म कणांवरून प्रकाश किती परावर्तित होतो तेही सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात: ०.६ ते १.३ टक्के म्हणजे तेल, त्यावर वायू.

चुका बहुतेक वेळा नमुन्यात असतात. विहीर खोदताना भोकात जो चिखल फिरवतात त्यात लिग्नाइट किंवा डिझेल मिसळलेलं असतं आणि ते आकड्यात शिरतं. एस-१ अवाजवी मोठा आणि टी-मॅक्स शेजारच्या नमुन्यांपेक्षा एकदम खाली, असं दिसलं तर ते बाहेरचं तेल समजावं आणि नमुना द्रावकाने धुऊन पुन्हा लावावा. एस-२ फारच लहान असला तर टी-मॅक्सचा आकडा छापून आला तरी त्याला अर्थ नसतो.

शेल इतका घट्ट, मग त्यातून तेल बाहेर पडतं कसं?

दाबाने. घन केरोजेनचं द्रव आणि वायूत रूपांतर झालं की त्याला जास्त जागा लागते. वरून नव्या गाळाचं ओझंही वाढत असतं. छिद्रांतला दाब इतका चढतो की शेलला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात, तेलाचा घोट बाहेर जातो, दाब उतरतो, भेग मिटते. मग पुन्हा तेच. याला प्राथमिक स्थलांतर म्हणतात.

केरोजेन स्वतः थोडं तेल धरून ठेवतो. तो भिजून तुडुंब झाल्याशिवाय तेल सोडत नाही. म्हणून कमी कार्बनच्या शेलमध्ये तेल बनतं, पण बाहेर येत नाही. तिथेच राहून पुढे वायू होऊन जातं.

बाहेर पडलेलं तेल कुठे जातं?

वर. छिद्रांत खारं पाणी भरलेलं असतं आणि तेल पाण्यावर तरंगतं. घनतेत ०.२ चा फरक असला तर दर मीटर उंचीच्या तेलस्तंभाला सुमारे २ किलोपास्कल एवढा वर ढकलणारा दाब मिळतो.

आडकाठी असते ती छिद्रांच्या तोंडांची. तोंड जितकं अरुंद, तितका पाण्याचा पृष्ठताण तेलाला जास्त अडवतो. तोंडाची त्रिज्या १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असली, जशी चांगल्या वालुकाश्मात असते, तर ३ मीटरचा तेलस्तंभ जमला की वाट मोकळी होते. १ मायक्रॉनला ३० मीटर लागतात. शेलमधल्या ०.०१ मायक्रॉनच्या तोंडाला तब्बल ३ किलोमीटर. तेलाला वालुकाश्म रस्ता वाटतो आणि शेल छप्पर वाटतं, ते यामुळे. जादू काही नाही.

छपराला लागलं की तेल त्याच्या उताराच्या उलट दिशेने वर सरकतं आणि चढ संपेल तिथे थांबतं. कमानीसारखी घडी, प्रस्तरभंगाने, म्हणजे थर तुटून सरकल्याने, समोर आणून ठेवलेला घट्ट खडक, किंवा सच्छिद्र थरच पुढे संपून जाणं, यांपैकी कशानेही सापळा होतो. प्रवास सहसा काही किलोमीटर ते काही डझन किलोमीटरचा. पश्चिम कॅनडात तो शंभरावर गेलेला आहे. तेल सगळा थर भरून वाहत नाही. पत्र्याच्या छपराखालून ओघळणाऱ्या पाण्यासारखं ते अरुंद धारांनी जातं, त्यामुळे वाटेत विहीर घेतली तरी तेलाचा मागमूस लागेलच असं नाही.

मग मुंबई हायमध्ये तेल आलं कुठून?

शेजारच्या खड्ड्यांतून. 'हाय' म्हणजे उंचवटा. हा खडकाचा फुगवटा मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, ७५ मीटरच्या आसपास पाण्याखाली आहे. पन्नाचा गाळ साचत होता तेव्हाही तो आजूबाजूपेक्षा उंच होता, त्यामुळे माथ्यावर पन्ना नाही किंवा नावापुरता आहे. शेल जाड साचला आणि पिकला तो भोवतालच्या खोल भागांत, जसं की सुरतेचा खोलगट भाग. तेल तिथून चढणीला लागलं.

ते बसलं मुख्यतः 'एल-३' या चुनखडकात. हा मायोसीन काळाच्या सुरुवातीचा आहे. मायोसीन सुरू झाला २.३ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तेल त्यात भरलं ते त्यानंतरच. समुद्राची पातळी वेळोवेळी खाली गेली, चुनखडक उघडा पडला, पावसाच्या पाण्याने तो विरघळून पोखरला गेला, आणि तीच पोखरण आज तेलाची जागा आहे. हा एकसंध ठोकळा नाही. चुनखडकाचे अनेक थर आणि मधे शेलच्या पातळ पट्ट्या, अशी ती चळत आहे. माथ्यावर वायूची टोपी आणि त्यावर शेलचं झाकण.

'सागर सम्राट' या खोदकामाच्या तराफ्याने इथे फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं, उत्पादन मे १९७६ मध्ये सुरू झालं. तेल हलकं आहे, घनता ०.८३ च्या जवळ, म्हणजे एपीआय मापाने (तेल जितकं हलकं तितका हा आकडा मोठा) ३९ च्या आसपास. गंधक कमी, मेण भरपूर. पानांवरच्या मेणाच्या लांब साखळ्या असल्या तेलात उतरतात आणि पन्नाच्या शेलमध्ये किनाऱ्यावरच्या झाडांचा अंश मोठा आहे, त्यामुळे हे जुळतं. उत्पादन करणाऱ्यांच्या डोक्याला मात्र हेच मेण ताप देतं. थंड झालं की ते पाइपात धरतं.

शेजारच्या वसई क्षेत्रात, मायोसीनच्याही आधीच्या एओसीन काळातल्या चुनखडकात, मुख्यतः वायू आहे. त्यात हायड्रोजन सल्फाइड असल्यामुळे तो गुजरातेत हाजिऱ्याला नेऊन गोडा करावा, म्हणजे ते सल्फाइड काढून टाकावं लागतं.

वायू तेलापेक्षा हलका. मग तो नेहमी सगळ्यात उंच सापळ्यात का नसतो?

कॅनडातले भूवैज्ञानिक विल्यम गसो यांनी १९५४ साली हे कोडं सोडवलं. समजा एकाच चढणीवर तीन सापळे आहेत. सगळ्यात खालचा आधी भरतो. त्यात वायू वर, तेल खाली. वायू येतच राहिला तर तो तेलाला खाली रेटतो आणि सापळ्याच्या काठावरून तेल सांडून पुढच्या, वरच्या सापळ्यात जातं. शेवटी खालच्यात नुसता वायू, मधल्यात वायू आणि तेल, वरच्यात तेल किंवा नुसतं पाणी. वाटेत एखादा प्रस्तरभंग गळका असला तर हा क्रम बिघडतो.

सगळं जुळूनही विहीर कोरडी का जाते?

आमच्या मते सगळ्यात जास्त वेळा घात करतो तो क्रम. शेल, सच्छिद्र खडक, झाकण, सापळा यांतलं एकही दुर्मीळ नाही. पण तेल निघालं एक कोटी वर्षांपूर्वी आणि घडी पडली पन्नास लाख वर्षांपूर्वी, तर ती कितीही डौलदार दिसो, रिकामीच राहणार. भूकंपतरंगांच्या नकाशावर सापळा दिसतो. तो कधी झाला हे थरांची जाडी बारकाईने वाचल्याशिवाय दिसत नाही. माथ्यावर थर पातळ होत गेलेला असला तर घडी त्या थराच्या काळातच वाढत होती. जाडी सगळीकडे सारखी असेल तर घडी नंतरची.

दुसरं कारण झाकणाचं. साठा भरल्यावर प्रस्तरभंग पुन्हा हलला की तेल निसटतं. अशा विहिरीत छिद्रांच्या भिंतींना तेलाचे डाग मिळतात आणि हाती पाणी लागतं.

तिसरं, जिवाणू. साठा ८० अंशांपेक्षा थंड असला तर ते हलके घटक खाऊन टाकतात आणि मागे डांबरासारखा चोथा राहतो. कॅनडातली अथाबास्काची तेलवाळू अशीच झाली.

विहीर खोदताना तेलाची पहिली खूण कशी दिसते?

चाळणीवर. चिखलाबरोबर वर आलेला खडकाचा चुरा धुऊन अतिनील दिव्याखाली धरतात. हलकं तेल फिकट पिवळं-निळसर चमकतं, जड तेल तपकिरी. मग एक कण पांढऱ्या बशीत ठेवून त्यावर द्रावकाचे दोन थेंब टाकतात. तेल असलं तर कणाभोवती दुधाळ चमकता ढग पसरतो. कॅल्साइटही दिव्याखाली चमकतं, पण ढग सोडत नाही. पाइपाच्या आट्यांना लावलेलं ग्रीसही फसवतं. ते कणाच्या बाहेरून लागलेलं असतं, म्हणून कण फोडून आतला भाग बघायचा.

चुरा वर यायला वेळ लागतो आणि तो धरला नाही तर खोलीच चुकते. सव्वाबारा इंची भोक, पाच इंची पाइप आणि १,४०० मीटर खोली असली तर पाइपाबाहेरच्या जागेत जवळपास ८९ घनमीटर चिखल मावतो. पंप मिनिटाला अडीच घनमीटर देत असला तर खालचा कण वर यायला ३५ मिनिटं. ताशी २० मीटर खोदाई चालू असताना हे विसरलं तर नमुन्यावर १२ मीटर चुकीची खोली पडते. एल-३ सारख्या पातळ पट्ट्यांच्या खडकात तेवढ्याने थरच बदलतो.

महाराष्ट्राच्या जमिनीवर तेल का सापडत नाही?

बहुतेक राज्य बेसाल्टने झाकलेलं आहे. बेसाल्ट लाव्हाचा, त्यात सेंद्रिय द्रव्य नाही. त्याच्याखाली जाड गाळ असता तर गोष्ट वेगळी होती. पण कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल भोकांत बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट लागला, आणि किल्लारीच्या भोकात बेसाल्टखाली गाळाचे जेमतेम काही मीटर. पूर्व विदर्भात, चंद्रपूर-वणी-उमरेडकडे, गोंडवन काळाचा गाळ आहे, पण त्यातलं द्रव्य कोळशाचं, म्हणजे तिसऱ्या प्रकारचं.

'मुंबई हायमध्ये तर बेसाल्ट आणि ग्रॅनाइटमधूनही तेल काढतात', असं कोणी म्हणालं तर ते बरोबर आहे. पण ते तेल बेसाल्टने बनवलेलं नाही. शेजारच्या शेलमधलं तेल भेगांत येऊन बसलेलं आहे.

आमच्या विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे, बोअरमधून पेटणारा वायू येतो. हे खनिज तेल असेल का?

बेसाल्टच्या प्रदेशात जवळजवळ कधीच नाही. तवंग काडीने मोडून बघा. तुकडे काचेसारखे वेगळे झाले आणि पुन्हा जुळले नाहीत तर तो लोहजिवाणूंचा. पुन्हा जुळला आणि पेट्रोलचा वास आला तर जवळच्या पंपाची टाकी किंवा गॅरेज शोधा. प्रयोगशाळेत हे सहज कळतं: पेट्रोल बारा कार्बनच्या आसपास संपतं, कच्च्या तेलाची साखळी चाळिशीच्या पुढे जाते.

वायू बहुधा कुजलेल्या गाळातला मिथेन असतो, विशेषतः खाडीकाठी. त्याच्यात इथेन-प्रोपेन नसल्यातजमा असतात आणि कार्बनच्या समस्थानिकाचा आकडा, म्हणजे जड कार्बन किती कमी-जास्त आहे ते सांगणारं माप, उणे ६० प्रति हजारच्याही खाली जातो. खोलवर शिजलेल्या वायूचा तो साधारण उणे ५० ते उणे २५ मध्ये असतो. कोणताही असला तरी काडी ओढून तपासू नका, विहिरीत उतरू नका, बोअरचं तोंड बंद खोलीत ठेवू नका आणि अग्निशमन दलाला कळवा.

तेल अजूनही तयार होतंय का?

हो, पिकत्या शेलमध्ये या क्षणीही. पण एखादं क्षेत्र भरायला लाखो वर्षं लागतात आणि आपण ते काही दशकांत उपसतो. जुन्या विहिरीत काही महिने बंद ठेवल्यावर पुन्हा थोडं तेल येतं ते नव्याने बनलेलं नसतं. आजूबाजूच्या घट्ट थरांतलं तेल विहिरीपर्यंत सरकलेलं असतं.